इस्क्रापेक्षा मोठे टायर

सावा : आता नाणं उभं धर आणि टायरच्या खाचेत घाल. किती बुडालं?

इस्क्रा : कड सगळी बुडाली, आजोबा.

सावा : बघ रुमेना. हिवाळी टायरला कायद्यानं चार मिलिमीटर पुरतात, इथे सहा तरी असतील. चारही टायर तपासले. नव्यासारखे आहेत.

रुमेना : मास्तर, मी खाचा मोजायला आले नाही.

सावा : मग चहा प्यायला आलीस. खिडकीत झाकून ठेवलाय, डोंगरातल्या पाल्याचा. मध बरणीत आहे.

रुमेना : चहा घेते. पण मला कालचं बोलायचंय. झऱ्याच्या वळणावरचं.

सावा : इस्क्रानं सांगितलं वाटतं.

इस्क्रा : मी नाही! मी कुणालाच नाही सांगितलं. तोश्कोनं सांगितलं.

रुमेना : तोश्कोनं सगळ्या डेअरीला सांगितलं. आईचा हात धरून आला आणि म्हणाला, आमची गाडी बर्फावर गिरकी घेऊन उलट्या तोंडाची झाली, खूप मजा आली. आणि सावा आजोबा म्हणाले, पुन्हा असं करायचं नाही. कुणाला म्हणालात हो?

सावा : गाडीला.

रुमेना : हसू नका, मास्तर. खाली दरी आहे.

सावा : मी हसत नाही. म्हणून तर आज चारही चाकं काढून भिंतीला लावलीत. कारण शोधल्याशिवाय मी ती परत बसवणार नाही.

रुमेना : पोरांना ओरखडाही आला नाही, ते तुमच्यामुळेच. सगळ्यांनी पट्टा लावल्याशिवाय तुम्ही किल्ली फिरवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण रात्रभर मला झोप लागली नाही. आज सकाळी तिघांना मी दुधाच्या गाडीत कॅनच्या मध्ये बसवून शाळेत सोडलं. तसं रोज चालायचं नाही.

इस्क्रा : माझ्या दप्तराला अजून ताकाचा वास येतोय.

सावा : मग काय ठरवलंस?

रुमेना : डेअरीच्या मालकाशी बोलले. पहाटेची फेरी दुसरा कुणी नेईल. सोमवारपासून पोरांना मी खाली नेईन. फक्त आमची गाडी इस्क्राचे बाबा घेऊन गेलेत परदेशात. तेव्हा तुमची गाडी लागेल.

सावा : गाडी हवी, मास्तर नकोत.

रुमेना : असं मी म्हटलं नाही.

सावा : म्हटलंस, जरा साखर घालून. सहावीतही तू निबंध असाच लिहायचीस. मुद्दा सगळ्यात शेवटी, पानाच्या कोपऱ्यात.

रुमेना : आणि तुम्ही त्याच्याखाली तांबडी रेघ मारायचात. मारा आताही.

सावा : नाही मारत. आधी दोष कुणाचा ते ठरू दे. टायरचा की माणसाचा? इस्क्रा, काय करतेस तिथे?

इस्क्रा : टायरवर लिहिलेलं वाचतेय. सगळं इंग्रजी आहे. फक्त इथे लांबट चौकटीत आकडे आहेत. तीन, सहा, एक, दोन. ही किंमत आहे का?

सावा : नाही गं. टायर कधी तयार झाला ते त्यात असतं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे.

इस्क्रा : म्हणजे छत्तिसावा आठवडा आणि साल दोन हजार बारा. थांबा! मी तर चौदा सालची. आई, हे टायर माझ्यापेक्षा मोठे आहेत!

रुमेना : मास्तर, बारा सालचे?

सावा : असतील. पण झिजले कुठे? वरच्या गावातून शाळा, शाळेतून वरचं गाव. आणि सगळा उन्हाळा तळघरात, पोतं पांघरून झोपलेले असतात. खाचा बघ की.

इस्क्रा : आजोबा, यात नख रुतत नाही.

सावा : जोरात दाब.

इस्क्रा : जोरातच दाबलं. बाकासारखा लागतो. माझ्या त्या खोडरबरासारखा.

सावा : कोणत्या?

इस्क्रा : आईचा होता, जुना, ट्रंकेत सापडलेला. तुम्हीच टाकून द्यायला लावलात. पुसायचाच नाही. कागदावरून नुसता घसरायचा आणि सगळं काळं करायचा.

सावा : झिजला होता का तो?

इस्क्रा : छे! चारही कोपरे शाबूत. दिसायला नवाकोरा.

रुमेना : मास्तर? काय झालं?

सावा : काही नाही. चहा दे जरा इकडे.

रुमेना : गार झालाय.

सावा : असू दे. चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, वरवर बघू नका. आणि नाणं घेऊन खाचा मोजत बसलो. इस्क्रा, ते चारही तिकडे लाकडांपाशी ढकल. ते आता गाडीला लागणार नाहीत.

इस्क्रा : तोश्कोला एक झोक्याला द्या. तो कधीचा मागतोय.

सावा : देऊ. तर मग रुमेना, दोष टायरचा निघाला.

रुमेना : निघाला. मान्य. पण तोश्को आणखी एक म्हणाला.

सावा : हा पोरगा मोठेपणी वार्ताहर होणार.

रुमेना : तो म्हणाला, आजोबांनी ब्रेक गच्च दाबला, पार सीटवरून उठले. मास्तर, मला गाडी तुम्हीच शिकवलीत. बर्फावर ब्रेक कसा लावायचा?

सावा : पायाखाली अंडं आहे असं समजून.

रुमेना : काल अंडं फुटलं.

सावा : माणूस दचकतो, पोरी.

रुमेना : मीही दचकेन. आणि खरं सांगू? तुमच्याशी असं बोलणं मलाही जड जातंय. पण मागच्या सीटवर माझी एकुलती एक मुलगी बसते.

सावा : शनिवारी टायर घेऊ. बाकीचं टायर बसल्यावर.

(शनिवारी सकाळी, खाली शहरात, टायरच्या दुकानापुढे. गाडी जुन्या चाकांसकट ट्रकवर चढवून आणलेली.)

इस्क्रा : आजोबा, दुकानातले काका विचारताहेत, बारमाही टायर देऊ का? उन्हाळ्यात काढावे लागत नाहीत म्हणे.

सावा : तू काय सांगितलंस?

इस्क्रा : म्हटलं, आम्ही वरच्या गावचे आहोत.

सावा : पुरेसं आहे.

रुमेना : का हो? शहरात तर पुष्कळांना असतात.

सावा : शहरात बर्फ दुपारी वितळतो. आपल्याकडे तो वस्तीला येतो. ज्या रबराला उन्हाळाही सांभाळायचा असतो, ते कडाक्याच्या थंडीत हिवाळी रबराइतकं मऊ राहत नाही.

रुमेना : मग ते भिंतीजवळचे हिवाळीच आहेत. चांगले रुंद आहेत. माझ्या आतेभावाच्या गाडीला तसेच आहेत, ऐटदार दिसतात.

सावा : इस्क्रा, ताज्या बर्फात तू नुसत्या बुटांनी उभी राहिलीस तर काय होतं?

इस्क्रा : पाय खाली जातात. जमिनीला लागतात.

सावा : आणि फळीवर उभी राहिलीस तर?

इस्क्रा : वरच राहते. आणि घसरते! कळलं. आपली गाडी एवढीशी, तिला फळ्या लावायच्या नाहीत.

रुमेना : आतेभावाला हे तूच सांग. माझं ऐकत नाही.

सावा : गाडीच्या दाराच्या आत कागद चिकटवलाय, त्यावर मापं आहेत. त्यातलं अरुंद माप दे त्यांना वाचून. आणि टायरच्या बाजूला खूण बघायची, तीन शेंड्यांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. ती नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, घ्यायचा नाही.

रुमेना : मास्तर, दोनच घेतले तर? ही गाडी पुढच्या चाकांवर ओढते. मागचे पुढच्या वर्षी घेऊ.

सावा : पुष्कळ जण तेच करतात. मग पुढचं थांबतं आणि मागचं थांबत नाही. झऱ्यापाशी मागचं पुढे आलं की काय होतं, ते तोश्कोला विचार.

रुमेना : नको. चार घ्या.

इस्क्रा : डोंगर आहे! चांदणी पण आहे! चारही सारखे आहेत. आणि आकडे यंदाच्या सालचे आहेत. नख लावून बघितलं, रुततं.

सावा : मग घे. तूच निवडलेस.

रुमेना : तासाभरात काकांचं आटोपलं, मास्तर. चारही बसले. किल्ली तुमच्या खिशात आहे.

सावा : आहे. नव्या टायरचं एक असतं, रुमेना. त्यांच्यावर वरचा थर तुकतुकीत असतो. तो जाईपर्यंत थोडे दिवस सावकाश चालवावं लागतं.

रुमेना : चालवा की सावकाश. आम्हाला कसली घाई आहे?

सावा : तसं नव्हे. त्या दिवसांत हाताला टायरची ओळख होते. कुठे धरतात, कुठे सोडतात. तेव्हा रोज जो चालवणार, त्यानंच पहिल्यापासून चालवावी. धर ही किल्ली.

रुमेना : मास्तर...

सावा : सीट पुढे ओढून घे, तुझे पाय पोचणार नाहीत. आरसा नीट कर. झऱ्याच्या अलीकडेच दुसऱ्या गिअरवर ये. वळणात शिरल्यावर नाही.

रुमेना : माहीत आहे. तुमचंच शिकवणं आहे.

सावा : आणि हीटरचं बटण अडकतं. जरा वर उचलून फिरव.

रुमेना : उचलून फिरवते. तुम्ही बसा आधी. तिकडून नाही, इकडून. सोमवारीही याल ना? तोश्को मध्येच दार उघडायला जातो, माझं ऐकायचा नाही.

सावा : येईन. या बाजूनं गाडी केवढी मोठी वाटते.

रुमेना : निघू मग?

इस्क्रा : थांब, आई. आजोबा, पट्टा.