अप्पांनी दिलेला इंटरव्ह्यू

तुम्ही हसाल, पण आमच्या घरात नियमच आहे: परक्या माणसानं पोरीला काही विचारलं, तर उत्तर मोठ्यांनी द्यायचं. का, कामून, असं विचारायचं नाही. इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू संतपूरच्या घरातूनच, लॅपटॉपवर द्यायचा होता, तर माझे वडील, म्हणजे अप्पा, इस्त्रीचा सदरा घालून शेजारी येऊन बसले. पलीकडे काका.

बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीतल्या मॅडमनी हिंदीत विचारलं, "तुझा कोड चुकला तर काय करतेस?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "वो चुकतीच न्हाई, मॅडम. पहिलीपासून पहिला नंबर है."

मॅडम हसल्या. "सहा महिने इथं येऊन राहावं लागेल. जमेल?"

"घर में बैठ के विचार करते, फिर कळवते," अप्पा म्हणाले. ताईला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. काकांनी मान डोलावली.

मॅडमचं हसू गेलं आणि त्या खाली बघून काहीतरी लिहायला लागल्या. संधी हातची चालली होती.

"न्हाई अप्पा," मी म्हणाले. "हे स्थळ न्हाई. मी चुकते, रोज चुकते, आणि एकेक ओळ तपासून चूक शोधते. हे माझं मला सांगू द्या. आणि बेंगळुरूला मी जाणार हाय."

अप्पा उठले, काकांना दंडाला धरून उठवलं, आणि बाहेर जाताना दार हळूच ओढून घेतलं.