रस्त्यापतोर

बुद्धप्रिय : फोटो मोठा करून बघ, आई. नीट बघ. ही तू नव्हेस म्हण, मी ऐकून घेतो.

तानीबाई : मीच हाय की. लुगडं वळखंना व्हय तुला?

बुद्धप्रिय : लुगडं ओळखलं म्हणून तर विचारतोय! कासोटा मारलायस, छातीवर नंबर लावलायस, मागं पन्नासभर पोरं पळतायत. आमच्या प्राचार्यांनी कॉलेजच्या ग्रुपवर टाकलाय. ‘आपल्या बुद्धप्रिय सरांच्या मातोश्री, वय चौसष्ट, दहा किलोमीटर पूर्ण.’ सत्तेचाळीस जणांनी हात जोडलेत. आणि मी घरात चहा पीत बसलेला. आई विहारात झाडलोट करायला गेलीय म्हणून.

तानीबाई : विहारात बी गेलतो. पळून झाल्यावर.

बुद्धप्रिय : पळून झाल्यावर. तू पळतेस?

तानीबाई : व्हय.

बुद्धप्रिय : कधीपासून?

तानीबाई : चौदा म्हयने झालं असतील. पयलं दोन म्हयने नुसतं चालायचं हुतं, ते धरलं तर.

बुद्धप्रिय : चौदा... सुविधा! अगं ते पीठ ठेव आणि बाहेर ये. हे बघ काय आहे.

सुविधा : बघितलाय मी.

बुद्धप्रिय : बघितलायस म्हणजे? तुला धक्का नाही बसला?

सुविधा : डावीकडं बघा. दोरीच्या अलीकडं पाण्याची बाटली धरून कोण उभी आहे?

बुद्धप्रिय : ही... ही तू आहेस! तुझ्या शाळेच्या स्पर्धा होत्या ना आज?

सुविधा : स्पर्धाच होत्या. शाळेच्या नव्हत्या, एवढंच.

बुद्धप्रिय : एका घरात राहतो आपण. तीन माणसं. दोघी मिळून वर्षभर माझ्याशी खोटं बोललात?

सुविधा : मलाही सुरुवातीला माहीत नव्हतं, अहो. विहारातल्या अक्काताई भेटल्या बाजारात. म्हणाल्या, तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत ना, सकाळच्या वंदनेला दिसत नाहीत हल्ली. रोज पहाटे घरातून निघणारी बाई जाते कुठं? दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून मागून गेले. पिरनवाडीच्या चढावर बघते तर आत्या. चपला पिशवीत, पिशवी काखेत आणि पळतायत. पळतायत म्हणजे काय, टाचा आपटत, तोंड उघडं टाकून. मला वाटलं, मागं कुत्रं लागलंय.

तानीबाई : स्कूटर आडवी घालून म्हणाली, कोण लागलंय मागं, आत्या? म्हटलं कोण न्हाय बाई. घरात सांगू नगो.

सुविधा : मी पी.टी.ची मास्तरीण. हट्ट सोडत नाहीत म्हटल्यावर निदान नीट तरी पळा म्हटलं. आधी डॉक्टरकडं नेलं, साखर बघितली, ईसीजी काढला. मग शाळेच्या मैदानात, गवतावर. टाचेवर पडायचं नाही, पावलं छोटी टाकायची, बोलता येईल एवढ्याच वेगानं. दोन मिनिटं पळायचं, पाच मिनिटं चालायचं. रोज संध्याकाळी बॅटरी लावून तळवे बघते मी त्यांचे. काटा, काच, चीर.

बुद्धप्रिय : तळवे? तळवे का बघायचे? थांब. आई, पाय दाखव. फोटोतला नको, ह्या फोटोत चिखल दिसतोय फक्त. तू अनवाणी पळालीस?

तानीबाई : मला तसंच येतंय.

बुद्धप्रिय : दहा किलोमीटर? डांबरावरून?

तानीबाई : निम्मं डांबर, निम्मं मातीचं. येळ्ळूरच्या बाजूला रस्ता चांगला हाय.

बुद्धप्रिय : मी बूट आणलेत तुला. दोन जोड. त्यांची खोकी तरी उघडलीस का?

तानीबाई : कपाटात हायत. नवंकोरं.

बुद्धप्रिय : आई, तुला कळतंय का मला काय वाटतंय ते? गावात त्या वरच्या गल्लीतनं जाताना आजीला चपला हातात घ्यायला लागायच्या. हे मला तूच सांगितलंस. तंबाखूच्या वखारीत जाताना उन्हाळ्यात तू पायाला पळसाची पानं बांधायचीस. मी बघितलंय ते, सहा वर्षांचा होतो. पहिल्या पगारात मी दुसरं काही घेतलं नाही, तुला आणि आप्पांना चपला घेतल्या. आणि आज अख्ख्या कॉलेजनं काय बघितलं? बुद्धप्रिय सरांची आई अनवाणी!

तानीबाई : त्यांनी हात जोडलं म्हणालास की मगाशी.

बुद्धप्रिय : ते जोडतील! त्यांना काय माहीत!

सुविधा : आवाज कमी करा. शेजारचे आण्णाप्पाकाका अंगणात आहेत.

बुद्धप्रिय : ऐकू दे. आई, हे आता बंद. चाल, व्यायाम कर, बूट घालून कर. हे रस्त्यावरनं पळणं उद्यापासून बंद.

तानीबाई : बरं.

बुद्धप्रिय : बरं? एवढ्यात?

तानीबाई : हितलं बंदच करणार हुतो. धा किलोमीटर झालं की सांगायचं म्हणून थांबलतो. मी गावाकडं जातो आता, प्रिया. आपल्या घराकडं.

बुद्धप्रिय : कोणत्या घराकडं?

तानीबाई : किती घरं हायत आपली? शेतातल्या.

बुद्धप्रिय : एकटी?

तानीबाई : एकटीच.

सुविधा : आत्या, हे मला बोलला नव्हतात.

तानीबाई : तुला बोललो असतो तर तू मला पळाया शिकवली असतीस व्हय?

बुद्धप्रिय : ते शक्य नाही. तिथं फोन लागत नाही, शेजार नाही, रस्ता दीड किलोमीटर लांब. रात्री-अपरात्री तुला काही झालं तर?

तानीबाई : अकरा मिनटं लागत्यात मला.

बुद्धप्रिय : कशाला?

तानीबाई : घरापासनं रस्त्यापतोर. रस्त्याकडंच्या भरमूच्या दारात. दसऱ्याला गेलतो की आपण, तवा पळून बघितलं.

सुविधा : घड्याळ मी धरलं होतं. मला वाटलं, मोकळं रान दिसलं म्हणून पळतायत. आत्या, त्या दिवशी भरमूदादांच्या दारात बसून तुम्ही रडलात. दम लागलाय म्हणालात. दमाचं नव्हतं ना ते?

तानीबाई : आत पीठ उघडं हाय. माशा बसतील.

बुद्धप्रिय : आई. रस्त्यापर्यंत किती वेळ लागतो हे तुला कशाला पाहिजे?

तानीबाई : तुला चिडायचं असलं तर मघापासनं चिडतोयस तसाच चीड. हे इचारू नगो.

बुद्धप्रिय : मी चिडत नाही. सांग.

तानीबाई : तुझा बा झोपंत गेला न्हाय, प्रिया.

बुद्धप्रिय : काय?

तानीबाई : मी तसं सांगितलं सगळ्यास्नी. सकाळी उठवाया गेलो तर गार पडलता म्हणून. तसं न्हवतं ते.

सुविधा : बसा तुम्ही. अहो, खाली बसा आधी.

बुद्धप्रिय : मग कसं?

तानीबाई : म्हशीला वैरण टाकली आन् गोठ्याच्या मेढीला टेकून बसला. म्हणाला, छातीत धरल्यागत झालंय. घाम नुसता. पावसाचं दिस. फोन घेऊन बांधावर गेलो, माळवदावर चढलो, एक दांडी न्हाय. मग म्हटलं भरमूकडं जावं, त्येचा टेम्पो हाय. त्येला गोधडीवर झोपवला आन् निघालो.

बुद्धप्रिय : जिवंत होते आप्पा?

तानीबाई : बोलत हुता की. म्हणाला, हळू जा, निसरडं हाय.

बुद्धप्रिय : पुढं.

तानीबाई : पुढं काय. आपली काळी माती. पाऊल टाकलं की चप्पल रुतायची, उपसली की शेरभर माती घेऊन वर यायची. पाच पावलं गेलं की वाकून बोटानं चिखल काढायचा, परत पाच पावलं. गुडघं तवा कसलं हुतं तुला ठावं हाय. वढ्यावरच्या मोरीपतोरच निम्मा जीव गेला. मोरीपाशी चपला काढून टाकल्या. तितनं पुढं पळालो. पळालो म्हणजे, जेवढं आलं तेवढं. मधी एकदा पडलो. एकदा बसलो.

सुविधा : किती वेळ लागला, आत्या?

तानीबाई : भरमू म्हणाला, पाऊण तास. त्येनं घरातनं निघायची येळ इचारली आन् हिशेब केला. मी न्हवता केला.

बुद्धप्रिय : आणि तू परत गेलीस तेव्हा?

तानीबाई : टेम्पो घेऊन रुतत-ढकलत परत आलो तर जागाच हुता. गाडीत घातला. निपाणीच्या अलीकडं फाट्याला मान पडली. डॉक्टर म्हणालं, जरा आधी आणलं असतं तर बघितलं असतं. तेवढंच म्हणालं. त्यो वाचला असता असं न्हाय म्हणालं.

बुद्धप्रिय : दोन वर्षं. दोन वर्षं मी लोकांना सांगत फिरतोय, आमचे आप्पा झोपेत गेले, त्रास नाही झाला. मी आप्पांच्या पुण्यानुमोदनाला उभं राहून हे बोललो, आई! तू समोर बसली होतीस!

तानीबाई : व्हय. ऐकत हुतो.

बुद्धप्रिय : मला का नाही सांगितलंस?

तानीबाई : भरमूला बी शपथ घातली.

बुद्धप्रिय : मला का नाही, ते विचारतोय मी!

सुविधा : अहो, नका.

बुद्धप्रिय : नका काय? तिला एवढं... थांब. चपला. मोरीपर्यंत तू चपला का नाही काढल्यास? आयुष्य अनवाणी गेलेली बाई तू. चिखलात चप्पल पायात ठेवायची नाही हे शेतातल्या पोरालाही कळतं.

तानीबाई : सुचलं न्हाय.

बुद्धप्रिय : आई, माझ्याकडं बघून बोल.

तानीबाई : सुचलं न्हाय म्हणतो की रं.

बुद्धप्रिय : त्या मी आणलेल्या होत्या.

तानीबाई : चपलांचा काय दोष न्हाय. चिखल हुता.

बुद्धप्रिय : मी शपथ घातली होती तुला. आप्पांच्या देखत. आता मी कमावता झालोय, पायात घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून. माझ्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावली होती शपथ. त्यासाठी तू...

तानीबाई : गप. एकदम गप. ह्येच्यासाठी सांगितलं न्हवतं मी. तू पोरगा हाईस, तू मायेनं बोललास. माझी अक्कल कुठं गेलती? चौसष्ट वर्षाची बाई मी, तवा बासष्टची. मला कळाय पायजे हुतं. ह्यातलं एक ढेकूळ बी तू तुझ्या डोक्यावर घ्यायचं न्हाय.

सुविधा : पाणी घ्या. दोघंही घ्या.

बुद्धप्रिय : म्हणून तू पळायला लागलीस.

तानीबाई : हितं आलो तर झोप लागंना. डोळं मिटलं की त्यो चिखल. एक दिवस पहाटंचं म्हटलं, बघू तर, किती पळाया येतंय ते. त्या खांबापतोर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी फुडच्या खांबापतोर. ह्या पोरीनं धरलं नसतं तर गुडघं मोडून घेतलं असतं. तिच्यावर चिडू नगो. तिला ह्यातलं काय बी ठावं न्हवतं.

सुविधा : मी एकदा विचारलं होतं, आत्या, एवढं कशासाठी? तर म्हणाल्या, वजन उतरवायचंय.

बुद्धप्रिय : आणि बूट? आता तरी का नाही घालत?

तानीबाई : घालून बघितलं रं. दोनदा. पायाखाली काय हाय ते कळंना की माझं काळीजच धडधडाय लागतंय. अनवाणी पाय टाकला की मला दगड कळतोय, वल कळतीय, कुठं निसरतंय ते कळतंय. माझ्या आईच्या चपला लोकांनी काढाया लावल्या. माझ्या मी काढल्या. तुला ह्यात एकच दिसत असंल तर माझा विलाज न्हाय.

बुद्धप्रिय : नाही. नाही दिसत.

तानीबाई : लाज वाटती?

बुद्धप्रिय : मघाशी वाटली. खोटं कशाला बोलू. आत्ता कसली वाटतेय ते सांगता येत नाही.

तानीबाई : मला ते घर पायजे, प्रिया. तितं मला भ्या वाटतंय म्हणून मी हितं ऱ्हायलो. आता तेवढं वाटत न्हाय. म्हस भरमूकडं हाय, ती परत आणतो. परड्यात चार मिरच्या लावतो.

सुविधा : पावसाळ्याचे चार महिने मात्र इकडं यायचं, आत्या. त्यात मी ऐकणार नाही. आणि दर शनिवारी मी येणार, तळवे बघायला.

तानीबाई : ये की. दही खाऊन जा.

बुद्धप्रिय : फोनची रेंज नाही अजून तिथं. मी कंपनीला अर्ज करतो. घरावर उंच अँटेना लावून बघू. भरमूदादाला रोज सकाळी एकदा येऊन जायला सांगतो. नाहीतर तूच जा त्याच्याकडं रोज, पळत जा. कळेल आम्हाला, आलीस म्हणून.

तानीबाई : ते मी ठरवलंयच.

बुद्धप्रिय : पुढच्या रविवारी सोडायला येतो.

तानीबाई : रिकाम्या हातानं ये. मागल्या बारीला तू गाडीभर सामान आणलंतंस.

बुद्धप्रिय : आई.

तानीबाई : आता काय?

बुद्धप्रिय : गाडीत बोलले काही आप्पा? शेवटी?

तानीबाई : लई न्हाय. माझा दम बसंना झालता, टेम्पोच्या फाळक्याला धरून नुसती धापा टाकत हुतो. डोळं उघडून माझ्याकडं बघितलं त्येनं. म्हणाला, दमलीस. बस जरा.