एकही पान पिवळं नाही

दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीबाहेर शिंपी आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. शेजारी मायलेकी. वडील आत होते आणि मुलगी नुकतीच एकटी डॉक्टरांना भेटून आली होती. ती येऊन बसली, तसा आईनंच तिच्या कामाचा विषय काढला.

"अजून जंगलांचेच फोटो बघतेस का गं?"

"हो. उपग्रहावरून येतात ते."

"एवढ्या वरून काय कळणार?"

"झाड आजारी आहे ते कळतं. पानांवरून परतणारा जो उजेड आपल्याला दिसत नाही, तो फोटोत उतरतो. झाड खचलं की तो मंदावतो."

"आणि खाली जाऊन पाहिलं तर?"

"सगळं हिरवंगार. तिथला वनरक्षक हसलाच मला. म्हणाला, मॅडम, एकही पान पिवळं नाही."

"मग?"

"म्हटलं, साल सोलून बघा. आतून किडीनं पोखरलेली."

"औषध मारायचं."

"एका झाडाला असती तर मारलं असतं. डोंगरभर पसरलीय, आई."

आई बंद दाराकडे बघत राहिली.

"किती दिवस राहील हिरवं?"

"या थंडीपर्यंत."

"झाडांना ठाऊक असतं का गं?"

"नाही."

"मग नकोच सांगायला."

दार उघडलं. वडील बटणं लावत, ताठ चालीनं बाहेर आले. शर्ट अंगाच्या मापानं शिवलेला होता, पण आता खांद्यांवरून उतरत होता. शिंप्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यानं सरकून जागा करून दिली.

"कसल्या गप्पा चालल्यात मायलेकींच्या?"

"तिच्या जंगलाच्या," आई म्हणाली. "हिरवंगार आहे म्हणे."

"मग तोंडं का पाडून बसलात?"