शेवटच्या खांबापाशी एकशे बहात्तर

...आणि वर ती डॉक्टरीणबाई म्हणते, "घाबरू नका!" अहो, घाबरू नका म्हटल्यावर आजवर जगात कोण घाबरायचं थांबलंय? तुम्हीच सांगा! मी काय हौसेनं घाबरत होतो? हे घड्याळ... हे मनगटावरचं... लेकीनं पाठवलं, "पप्पा, पोट बघा जरा, धावायला लागा"... आणि पहिल्याच दिवशी, तुम्हाला सांगतो, शाळेच्या चढावर धापा टाकत बघतो तर काय, एकशे बहात्तर! मिनिटाला एकशे बहात्तर ठोके! हृदय आहे का शिवणयंत्र?

दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. पण आमचे वडील छप्पन्न वर्षांचे असताना गेले. सप्टेंबर महिना, भाजायच्या लाल ढोबळ्या मिरच्यांचं पोतं खांद्यावर, तिसऱ्या मजल्याचा जिना... संपलं. पोतं खाली ठेवायला सवड मिळाली नाही. आणि मी तेव्हा छप्पन्न वर्षं, अकरा महिने! हा एक महिना निघाला की सुटलो, असं मनाशी धरून बसलेलो, आणि घड्याळ म्हणतं, एकशे बहात्तर!

त्यातून आमचं हे त्रोयान गाव! धावायचं कुठून? रस्त्यानं. रस्त्याकडेला काय? खांब. आणि खांबांवर? मेलेले! आमच्याकडची रीतच ती, माणूस जाऊन चाळीस दिवस झाले, चिकटव कागद. सहा महिने झाले, चिकटव कागद. वर्ष, पाच वर्षं, वीस वर्षं... फोटो, नाव, वय. एरवी बघतंय कोण? पण धावताना नुसती वयंच दिसतात हो! एकसष्ट... घड्याळ एकशे तीस. अठ्ठावन्न... एकशे अठ्ठेचाळीस. पुढच्या खांबावर चौपन्न! अरे, चौपन्न हे काय जायचं वय झालं? आणि चढ संपतो तिथे, शेवटच्या खांबावर, आमचे वडील. वीस वर्षांचा कागद मीच लावलाय, या हातांनी. तेच नाक, त्याच मिशा, तेच वय... आणि घड्याळ? एकशे बहात्तर!

आणि त्याच खांबाखाली बाकावर नेदा आजी. नव्वदी कधीच ओलांडलेली, तोंडात सिगारेट. मला बघितलं की नावानं हाक मारणार, "दोब्रीऽऽ! फोटो कुठला लावायचा ते बायकोला सांगून ठेव रे! लग्नातला नको, त्यात आधीच मेल्यासारखा दिसतोस!" मी म्हणतो, "आजी, धावल्यानं हृदय..." "आला मोठा हृदयवाला! मी बसमागंसुद्धा धावले नाही कधी. बसला गरज असेल तर थांबेल!" एक वाक्य पुरं करू देईल तर शपथ.

घरी यावं तर बायको, रुम्याना. "खिडकी उघडी टाकून झोपलास, वारा लागला. त्या राकियाच्या बाटलीतली दारू घे नि छाती चोळ." "अगं, एकशे बहात्तर!" "मग काढून ठेव ना ते घड्याळ." काढून ठेव! म्हणजे हृदय थांबलं तर मला कळणार कसं?

शेवटी गेलो डॉक्टर व्लायकोवाबाईंकडे. छातीला तारा लावल्या, सरकत्या पट्ट्यावर पळवलं, लांबलचक कागद निघाला... त्या कागद बघतायत, मी त्यांचा चेहरा बघतोय. जरा भुवई हलली की मी गेलोच! आणि म्हणतात, "हृदय ठणठणीत आहे, घाबरू नका. कुत्रं मागं लागल्यासारखे धावता तुम्ही. इतकं सावकाश धावा, की धावताना बोलता आलं पाहिजे. बोलता येतंय ना? मग आकडा बघूच नका."

बोला! पण कुणाशी? रुम्याना म्हणाली, "घरी ऐकते तेवढं पुरे." मग काय करता... बोललो खांबांशी! "काय इल्को मास्तर, अठ्ठावन्नाव्या वर्षीच एवढी कसली घाई झाली होती?" "स्तोयानाबाई, नातवाचं लग्न ठरलं बरं का!" लोक खिडकीतून बघतात... बघू देत! असा बोलत बोलत शेवटच्या खांबापाशी पोचलो आणि तोंडून निघून गेलं, "पप्पा, ते पोतं मला उचलायला सांगायचं होतंत हो. मी वरच होतो. मॅच बघत होतो." वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं मी हे. डोळे पुसले, घड्याळ बघितलं... एकशे चोवीस.

काल सत्तावन्न पुरी झाली. सुटलो! वडिलांपेक्षा मोठा झालो! काय ऐटीत चढ चढलो म्हणून सांगू, कधी एकदा आजीला सांगतो असं झालेलं... तर बाक रिकामा. आणि खांबावर पप्पांच्या शेजारी नवा कागद, गोंद अजून ओला. फोटोत हसतेय, सिगारेट तेवढी कापून टाकलीये. वय सत्त्याण्णव! झोपेत गेली म्हणे. आयुष्यात एक पाऊल धावली नाही! घड्याळाचं विचारूच नका... एकशे बहात्तर.

फार वाईट वाटलं हो. बसलो तिच्याच बाकावर. म्हटलं, "आजी, मी काय सांगत होतो, धावल्यानं हृदय..." आणि सवयीनं थांबलो. कोणीच मधे तोडलं नाही. आता आख्खं वाक्य पुरं करायला मोकळा... आणि तुम्हाला सांगतो, पुढं काय म्हणायचं होतं, तेच आठवेना!