नऊशे नव्वद ग्रॅमच्या लॅपटॉपबाबत

जबाब देणार : काटामास्तर (कामावर आणि गल्लीत याच नावाने ओळख), वय ६८ वर्षे, धंदा : सध्या काही नाही, पूर्वी मालट्रकच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षे नोकरी, राहणार : पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, तिसरा मजला, घरात एकटा.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

माझा लॅपटॉप सापडल्याचे आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नक्की झाले. टाकीच्या मागच्या गल्लीतल्या एका घरमालकीणबाईंनी हवालदारबाईंना फोन करून तो आपल्या भाडेकरू मुलीच्या टेबलावर असल्याचे कळवले. तळाशी चिकटवलेली चिठ्ठी त्यांनी वाचून दाखवली. तिच्यावर माझ्या अक्षरात ‘९९० ग्रॅम’ असे लिहिले आहे.

माझी पत्नी आमच्या मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेली. सहा महिन्यांसाठी गेली होती. नंतर मुलीची नोकरी सुरू झाली, नंतर नात पाळणाघरात रमेना. आज सत्तावीस महिने झाले. मला डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला मनाई केली आहे. याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

लॅपटॉप दीड वर्षापूर्वी घेतला. जावयाने फोनवरून मोठ्या पडद्याचा घ्या असे सुचवले होते. दुकानदाराने मला विचारले, “काका, यावर करणार काय? गेम? हिशेब? फोटोंची कामं?”

मी म्हणालो, “बघणार.”

“काय बघणार?”

“बायको.”

तो हसला. मग म्हणाला, “मग तुम्हाला भारी मशीन कशाला? गाढवावर हत्तीची अंबारी! हा घ्या. यात साठवायचं काही नाही, सगळं इंटरनेटवर. सिमकार्ड आतच आहे, कुठेही न्या, नेट चालतं. झाकण उघडलं की ब्राउझर, ब्राउझर उघडला की काकू. चार्जिंग दहा तास पुरतं.”

मी तीन लॅपटॉप एकेक करून डाव्या हातावर घेतले आणि दुकानात फेऱ्या मारल्या. पत्नीला घरभर फिरवायचे असल्याने तो हलका असणे जरुरीचे होते. पहिल्या दोन्हींनी पाच मिनिटांत मनगट भरून आले. तिसऱ्याला पंधरा मिनिटे झाली तरी काही वाटले नाही. दुकानदार म्हणाला, “काका, लॅपटॉप घेताय की बाळ झोपवताय?” खोक्यावर वजन नऊशे ऐंशी ग्रॅम छापले होते. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ते नऊशे नव्वद भरले. दहा ग्रॅमची तफावत दुकानदाराने मान्य केली. तशी चिठ्ठी लिहून मी तळाशी लावली.

झाकण उघडताच आमचे दोघांचे पान आपोआप उघडावे आणि कॉल लागावा, अशी सोय त्यानेच करून दिली. पासवर्ड मी ठेवू दिला नाही. घरात एकटाच असतो, कोणापासून लपवायचे?

रोज चार वाजता मी झाकण उघडतो. तिथे तेव्हा सकाळ असते. ती सांगेल तिथे मी तिला नेतो. गॅलरीतली झाडे, ओट्याखालचा गळका नळ, खिडकीतून समोरची टाकी. नंतर टेबलावर ठेवतो. ती तिथल्या कपड्यांच्या घड्या घालते, मी इथल्या घालतो. कधी दोघे एकच जुना सिनेमा लावतो. तिच्याकडे चित्र दोन-तीन सेकंद आधी येते. त्यामुळे ती आधी हसते, आणि आता हसायचे आहे हे मला कळते.

फोन आहे ना, मग अडले कुठे, असे हवालदारबाईंनी विचारले. फोनवर बोलावे लागते. लॅपटॉपवर बोलावे लागत नाही.

परवा सोमवारी सकाळी अकरा वाजता आमच्या इमारतीची वीज गेली. मला दवाखान्यात रक्तदाब तपासायला जायचेच होते, म्हणून लॅपटॉप बरोबर नेला आणि तिथल्या बसायच्या खोलीतल्या फळीवर चार्जिंगला लावला. फळीवर तसाच, त्याच रंगाचा दुसराही होता. तो कोणाचा ते मी विचारले नाही. तपासणी करून पाऊण तासाने आलो तेव्हा फळीवर एकच होता. तो उचलला.

उचलताना तो जड लागला. पिशवीत न घालता मी तो दोनदा हातावर तोलला. सव्वाशे ते दीडशे ग्रॅम जास्त असावा, असा माझा अंदाज होता. परंतु तो पूर्ण चार्ज झाला आहे, तेव्हा तेवढे वजन वाढणारच, असे मला वाटले. भरलेला ट्रक रिकाम्यापेक्षा जड असतो, एवढेच मला बत्तीस वर्षांत शिकायला मिळाले. यावर हवालदारबाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. त्यांच्या हसण्याला माझी हरकत नाही.

चार वाजता झाकण उघडले. पत्नी दिसली नाही. पासवर्डची चौकट आली आणि वर एका अनोळखी मुलीचे नाव आले. उलटा करून पाहिला, चिठ्ठी नव्हती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन अकराशे तीस ग्रॅम भरले. मी दवाखान्यात परत गेलो, पण तिथे कोणाला काही माहीत नव्हते. पत्नीला फोन केला. ती म्हणाली, “असू द्या हो. सापडेल. तुम्ही गोळी घेतलीत का?” मी हो म्हणालो. कॉल एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता.

काल मंगळवारी मी दुसऱ्याचा लॅपटॉप ठाण्यात जमा केला. ओळखीची खूण विचारली असता मी वजन सांगितले. हवालदारबाई म्हणाल्या, “काका, वजन ही काय खूण झाली? ओरखडा सांगा, डाग सांगा.” ओरखडा नव्हता. मी तो जपून वापरतो.

काल चार वाजून सहा मिनिटांनी पत्नीचा फोन आला. लॅपटॉप कुठेही असला तरी ती चार वाजता आपल्या बाजूने बसली होती. असे का, हे मी तिला विचारले नाही. तिने सांगितले की चार वाजून दोन मिनिटांनी पडदा उजळला. समोर कोणी नव्हते. अनोळखी खोली, उघडी खिडकी. तिला वाटले मीच कुठेतरी नेऊन ठेवले आहे. ती म्हणाली, “अहो, हे कुठे आणून ठेवलंत मला?” तेवढ्यात पिवळ्या बाहीचा हात आला आणि झाकण पडले.

मी विचारले, “खिडकीतून काय दिसलं?”

ती म्हणाली, “आपली टाकी.”

“टाक्या सगळ्या सारख्याच असतात, अगं.”

“आपली मला कळत नाही होय? झाकणाचा तुटका कोपरा तोच. फक्त शिडी उजव्या अंगाला होती. आपल्याकडून डाव्या अंगाला दिसते. म्हणजे घर मागच्या गल्लीत आहे, वरच्या मजल्यावर. सांगा पोलिसांना.” मग म्हणाली, “इतकी वर्षं समोर राहिले, पण मागून कधी पाहिलीच नव्हती.”

त्यावरून हवालदारबाईंनी आज मागच्या गल्लीत तीन घरी चौकशी केली. तिसऱ्या घराच्या मालकीणबाईंनी वर जाऊन पाहिले आणि मुलीला फोन करून विचारले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मुलीची चूकही माझ्यासारखीच आहे. तिने घाईत पहिला हाताला लागला तो उचलला. काल झाकण उघडून ती चार्जर शोधायला वळली, तर मागून एक बाई ‘अहो’ म्हणाल्या, म्हणून घाबरून तिने झाकण लावले. आज पहाटेच्या गाडीने ती मुलाखतीसाठी बाहेरगावी गेली आहे. माझी तिच्याविरुद्ध तक्रार नाही. तिला नोकरी मिळावी.

मुलगी उद्या सकाळी दहा वाजता ठाण्यात येईल आणि समक्ष अदलाबदल होईल. ती नसताना तिच्या खोलीतून वस्तू आणता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. मला ते मान्य आहे.

मात्र माझ्या विनंतीवरून हवालदारबाईंनी घरमालकीणबाईंना पुन्हा फोन लावला. त्या म्हणाल्या, “मी बाई त्या यंत्राला हात लावायची नाही. पोलीस सांगत असतील तर झाकण तेवढं उघडते.” चार वाजता झाकण उघडून, पाठ खोलीकडे आणि पडदा खिडकीकडे करून ठेवायला त्या तयार झाल्या. यावर मी सांगितले की, कॅमेरा पडद्याच्याच बाजूला असतो, तेव्हा तसेच ठेवावे. टाकीच्या मागच्या बाजूला, शिडीपाशी, मोकळी जागा आहे. वरच्या खिडकीतून तिथला माणूस दिसतो का, हे त्यांना विचारले. “दिसतो की. लहान दिसतो, पण दिसतो,” असे त्या म्हणाल्या.

पत्नीला मी हे कळवलेले नाही. ती चार वाजता बसेलच.

वरील मजकूर हवालदारबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी बोललो तसाच उतरला आहे आणि खरा आहे. सही केली. आता तीन वाजून पस्तीस मिनिटे झाली आहेत. टाकी इथून चालत वीस मिनिटांवर आहे.