गंजाचे आकडे

हॅलो?… मीच. दुसरं कोण उचलणार? नात फोनशेजारी बसलीय, पण वाजला तरी नुसती बघत राहते… आजारी कुठली, धडधाकट आहे. सकाळपासून टेबलाशी बसलीय. पुढे ताट, ताटाशेजारी तांब्याची एक कडी, आणि हात मांडीवर. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, आता पाय बघत बसलीय.

हो, तेच गं, तिचं शिक्षण. मास्टर्स. फिजिक्स आणि इंजिनिअरिंग दोन्ही एकात. जिन्यात भेटेल त्याला सांगून सांगून मला तोंडपाठ झालंय. आता त्याच जिन्यातून खाली कशी उतरू, सांग…

बरं, ऐक तर. पोलादी डबा असतो. त्यातली हवा काढायची, पार काही उरता कामा नये अशी. मग आत काचेवर धातूचा थर चढवायचा, केसाहून पातळ, आणि त्यातून वीज कशी जाते ते मोजायचं… हस. मीही हसले होते. म्हटलं, दोन वर्षं रिकामा डबा रिकामा करतेस होय?

तर त्या झाकणाला ही कडी लागते. कुकरच्या रिंगसारखी, पण एकदाच वापरायची. झाकण आवळलं की तांब्यात खाच पडते, परत ती घट्ट बसत नाही… हो ना. नवी यायला उशीर होता, हिने जुनीच परत बसवली. डोळ्याला दिसणार नाही एवढी हवा आत शिरत राहिली, थर गंजला, आणि ही सबंध सहामाही गंज मोजत बसली.

छे, कुणाला कळलं नव्हतं. सरांनी तर आकडे बघून पाठ थोपटली होती. पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा, की झाली पास… अगं तेच तर. हिलाच संशय आला, हिनेच शोधून काढलं, आणि हीच सरांच्या खोलीत जाऊन सांगून आली. कुणी विचारलं नव्हतं.

नाही, ओरडले नाहीत म्हणे. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, हा प्रबंध आता पुढे पाठवता येणार नाही. आणि नव्याने मोजायचं तर यंत्र दुसऱ्या मुलाला दिलंय… मुदत वाढत नाही. हात जोडून विचारलं तिने.

काय?… परत जाऊन सांगू दे, की कडी नवीच होती?… हळू बोल, समोर बसलीय ती. असलं तुझ्या घरात खपत असेल. धाकटी आहेस, धाकटीसारखी राहा…

बरं बाई, खपलं असतं माझ्याही घरात. काल मीच म्हणाले तिला, गप्प बसली असतीस तर काय बिघडत होतं? तर म्हणते, "आजी, आकडे गंजाचे आहेत." एवढंच. त्यावर काय बोलशील तू?…

हॅलो?… हॅलो?

ठेवला. फुगली असेल.

ए पोरी, इकडे बघ. ऐकलंस ना सगळं? मग हेही ऐक. बोललीस ते खरं बोललीस. आणि बुडालीस, तेही खरं. यातून काही चांगलं काढून दाखवणं मला जमणार नाही. ती कडी उचल तिथून. जेव.