वरनं आलेला हात

न्हाय ताई, अप्पर ब्लॉक मी शिकवत न्हाय. ते दाक्षायणी मॅडम शिकवतात — बाकी सगळं माझ्याकडं हाय, उभं कसं राहायचं, ठोसा, लाथ, पडायचं कसं — पण वरनं आलेला हात अडवायचा, तेवढं त्यांच्याकडं. का म्हणजे? असंच. वाटून घेतलंय आमी. तुमची पोरगी कितवीत? सहावीत. चांगलं वय हाय की. पंधरा दिवसांचं कराटेचं शिबिर, सकाळी सहा ते आठ, नंतर हे ग्राउंड तापतंय आन् मलाबी चिंचोळीला कंपनीत जायचं असतंय. लाजरी हाय म्हणता, कुणाम्होरं बोलत न्हाय — त्याचं काय एवढं? गेल्या मे महिन्यात एक हुती, सुकन्या म्हणून. ठोसा मारताना मोठ्यानं आवाज काढायचा असतो, तर हिचे नुसते ओठ हलायचे. आट दिवस असंच. मी रागवायचो. नवव्या दिवशी अप्पर ब्लॉक घेतला — तवा मीच घ्यायचो — शंभरदा करून घेतला. एकच सांगायचो, हाताकडं बगायचं न्हाय, मारणाऱ्याच्या डोळ्यांत बगायचं. हाताकडं बगत बसलं की उशीर होतो.

तर त्याच्या म्होरल्या रविवारी काय झालं — तिच्या आईनं बापाचा पांढरा ड्रेस चादरीबरोबर भिजवला. आपली सोलापुरी चादर, लाल, नवीकोरी. ड्रेस झाला गुलाबी. दुसऱ्या दिवशी पालकांना प्रात्यक्षिक दाखवायचं हुतं. बाप जेवत हुता, उठला, आन् बायकोवर हात उगारला. पयल्यांदा न्हाय, खोटं कशाला सांगू, महिन्यातनं एकदा-दोनदा व्हायचंच. पोरगी दारात चप्पल घालत हुती. ती मधी आली आन् तिनं हात अडवला. हात कपाळाच्या वर, तिरका, मूठ बाहेर वळवलेली, गुडघा वाकलेला — एकबी चूक न्हाय. माझ्या मनात पयलं तेच आलं बगा, की पोरीनं बरोबर केलं —

व्हय. माझा हात. माझीच पोरगी ती.

सांगायचं नव्हतं हे. आता निघालंच तोंडातनं. आवाज काडला का तिनं? न्हाय, तवाबी न्हाय. नुसती माझ्या डोळ्यांत बगत हुती, शिकवल्यासारखी. मी हात खाली घेतला, ताटावर बसलो, उरलेली भाकरी खाल्ली. काय करणार दुसरं? तोवर दिपालीनं पिशवी भरली — दिपाली म्हणजे आमची मंडळी — आन् दोघी दुपारच्या एस्टीनं टेंभुर्णीला गेल्या, तिच्या भावाकडं. चार दिवसांनी आणायला गेलो. मेव्हण्यानं पाणी दिलं, म्हणला, "भाऊजी, चहा घ्या आन् जावा." मी घेतला. चांगला हुता चहा. आलो.

मग डिसेंबरात बेल्टची परीक्षा. पोरगी मामासंगं आली. जोडीतल्या पोरीला ताप, आलीच न्हाय, तर दाक्षायणी मॅडम म्हणाल्या, "सर, तुमीच मारा, ती अडवंल." त्यांना काय ठाऊक. उभा राहिलो समोर. हात खांद्यापतूर गेला, पुढं जाईना. एकदा, दोनदा, तीनदा — न्हायच. पोरगी तयारीत उभी. म्हणाली, "सर, मारा की." सर म्हणाली. घरात पप्पा म्हणायची. एवढ्या पोरांम्होरं उभा राहिलो मी तसाच, शेवटी मॅडमनी मला बाजूला केलं, त्यांनी मारलं, हिनं अडवलं, पास झाली. पट्टाबी मॅडमनीच बांधला. तवापासनं अप्पर ब्लॉक त्यांच्याकडं हाय.

फॉर्म परत ठेवताय? ठेवा, मला राग न्हाय. पलीकडच्या चौकात दुसरा क्लास हाय, तितले सर चांगले हायत म्हणतात. काय? सुधारलो का? ते मला कसं कळणार ताई. घरात हाय कोण आता, हात उगारायला? रिकाम्या घरात समदेच शहाणे. दिपालीला फोनवर तेच म्हणलो, की मी आता मारत न्हाय. ती म्हणाली, "कुणाला?"

भरताय? भरा मग. रक्तगट लिवायचा राहिलाय बगा.

चला, सहा वाजले. तिला रांगेत पुढं उभं करा, मागं लपू देऊ नका. आन् तुमी हितं थांबू नका, आई दिसली की पोरं तिकडंच बगत बसतात. आठला या न्यायला. जावा.